सहा वाजता सगळे थांबतात

धडकली ती थेट नाकावर.

चूक फायचीच होती, यात वाद नाही. थायलंडमधल्या उदोन थानीच्या तळ्याभोवती पळणाऱ्या माणसाला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही – संध्याकाळचे सहा वाजले, कर्ण्यांतून राष्ट्रगीत सुरू झालं, की पाय असेल तिथे थांबायचं. पळणारे थांबतात, सायकलवाले उतरतात, पाण्यातल्या अवाढव्य, हवा भरलेल्या पिवळ्या बदकांसमोर फोटो काढणारे हात खाली घेतात, फाटकाजवळ सोयादूध विकणारी पा नुआन, म्हणजे नुआनमावशी, ओगराळं पातेल्यातच धरून उभी राहते. मिनिटभर सगळं तळं स्तब्ध.

पण फायच्या दोन्ही कानांत इअरफोन कोंबलेले, आवाज अगदी टोकाला, आणि नजर ट्रॅकवरची डबकी चुकवण्यात गुंतलेली. एरवी ती घड्याळावर लक्ष ठेवून असायची. त्या दिवशी ती कामाला होती त्या दातांच्या दवाखान्यात कुणाची तरी अक्कलदाढ हटून बसली, तिला निघायला उशीर झाला, आणि वेळेचा हिशेबच चुकला. वाटेत दोन-तीन माणसं उभी दिसली, तेव्हा ‘काय बाई, रस्ता अडवून उभे राहतात’ असं मनात म्हणत ती बाजूनं निघूनसुद्धा गेली. चौथा मात्र चुकवता आला नाही.

तो जागचा हलला नाही. वळलाही नाही. फायचा उजवा इअरफोन निसटून कमरेपाशी लोंबायला लागला, आणि मग मोकळ्या कानात राष्ट्रगीत शिरलं. आता मागे कसं सरकायचं? सगळे पुतळ्यासारखे उभे असताना आपण एकटीनंच कसं हलायचं? म्हणून ती होती तशीच उभी राहिली – एका अनोळखी पाठीपासून दोन बोटांवर नाक. त्या सदऱ्याला साबणाचा, पावसाचा आणि कसलासा बांबूसारखा वास होता. खाली लोंबणारा इअरफोन बेशरमपणे गातच होता... आणि समोरचे खांदे हळूहळू हलायला लागले. तो हसू दाबत होता!

गीत संपलं. तो वळला.

“नाक आहे ना जागेवर?”

“माफ करा हं... मला ऐकूच आलं नाही.”

“ते कळलं. अख्ख्या तळ्याला कळलं.” त्यानं लोंबणाऱ्या इअरफोनकडे बघितलं, जरा कान देऊन ऐकलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी चमत्कारिक उमटून गेलं. “रोज हेच ऐकतेस?”

“हो. का? तुम्ही नाही ऐकत पळताना गाणी?”

“छे.”

“मग ऐकता काय?”

“पाय,” तो म्हणाला, आणि पळत सुटला.

फाय नाक चोळत बघत राहिली. काय माणूस आहे! म्हणे पाय ऐकतो! तिला राग आला होता, हे नक्की. पण त्या रागात ती रात्री तीन वेळा हसली, हेही तितकंच नक्की.

दुसऱ्या दिवशी सहाला ती घड्याळ बघून नीट थांबली. तो बराच पुढे, वळणावर. तिसऱ्या दिवशी मधलं अंतर निम्मं झालं. चौथ्या दिवशी राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा ती बरोबर त्याच्या शेजारी होती, मोठ्या शिरीषाच्या झाडाखाली. योगायोग म्हणावा, तर त्यासाठी ती दोन दिवस पावलं मोजत होती, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

“आज पाठ वाचली माझी,” तो म्हणाला.

“नशीब समजा.”

त्याचं नाव थिउ. तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, म्हणून मग तो ‘पी थिउ’ झाला. तिकडे वयानं मोठ्या असलेल्या कुणालाही ‘पी’च म्हणतात – शेजाऱ्याला, दुकानदाराला, आणि मनातल्या माणसालाही. त्यामुळे ‘पी’ म्हणताना पोरीच्या मनात नेमकं काय आहे, ते बाहेरून ओळखणं कठीण. पा नुआनला मात्र ओळखता यायचं.

“काय गं, आजकाल सहाला बरोबर त्या झाडाखालीच सापडतेस?” सोयादुधाचा पेला पुढे करत ती म्हणाली.

“तिथे सावली असते, पा.”

“संध्याकाळी सहाला? पावसाळ्यात? बरीच उन्हाची काळजी घेतेस हो!”

फायनं पेल्यात तोंड लपवलं.

भांडण मात्र रोजचंच. पळताना गाणी ऐकावीत की नाही? ती म्हणायची, गाण्यानं पाय उचलले जातात, वाट कळत नाही, थकवा वाटत नाही. तो म्हणायचा, वाट कळायची नसेल तर पळायचं कशाला, घरीच नाच की.

“गाणं तुला पळवतं, फाय. तू नाही पळत.”

“मग तुमचं काय बिघडलं? बदकांनी तक्रार केलीय का?”

“बदकं सोशिक आहेत. माझी पाठ नाही.”

एकदा तिनं हट्टानं एक इअरफोन त्याच्या कानात घातला. “एकदा ऐका तरी! मोलामचं आहे, नाचगाण्याच्या फडातलं. शेवटच्या पळापळीच्या नाचाचं. तिसऱ्या कडव्यानंतर खेन एकटाच वाजतो ना... तिथे मी सगळ्यात जोरात पळते.”

एका तारेला दोन डोकी बांधलेली. तिचा खांदा त्याच्या दंडाला लागत होता, आणि दोघंही ते लक्षात न आल्याचं सोंग करत होती. तिसरं कडवं संपलं. बांबूच्या नळ्यांचं ते वाद्य सुसाट सुटलं... मग एका जागी क्षणभर तुटलं. एक श्वास ऐकू आला – अडकलेला, गडबडलेला – आणि सूर परत धावायला लागले.

“इथे! ही जागा मला फार आवडते,” फाय म्हणाली. “जसं काही त्याचं काळीज चुकलं एकदम.”

थिउच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“काळीज नाही. श्वास चुकला माझा,” तो पुटपुटला. “समोर पहिल्यांदाच एवढी गर्दी बघितली... घाबरलो.”

फाय बघतच राहिली. “तुमचा?... म्हणजे हा... तुम्ही?”

“फडात खेन वाजवतो मी. सात वर्षं झाली. वर्षावासाचे, भिक्खू मठात राहतात ते पावसाळ्याचे तीन महिने फड बंद असतो, तेव्हा घरी येतो. पळतो, म्हणजे दम टिकतो. आणि दिवसभर सराव करून कान विटलेले असतात गं, म्हणून पळताना काही नको वाटतं. त्यातून ऐकायचं तर काय, माझीच चूक?”

गेले सहा महिने हा माणूस आपल्या कानात होता! त्या संध्याकाळी ती तळ्याला एक फेरी जास्त मारून आली. तरी पाय जमिनीला लागल्याचं तिला आठवत नव्हतं.

मग एके दिवशी, भिजलेल्या बाकावर वर्तमानपत्र टाकून बसलेले असताना, त्यानं सहज विचारलं, “पण आवाज एवढा मोठा का ठेवतेस? खरं सांग.”

तिनं इअरफोनची तार बोटाला गुंडाळली, सोडवली, परत गुंडाळली.

“लहानपणी दमा होता मला. रात्ररात्र छाती शिट्टीसारखी वाजायची. मला वाटायचं, ही शिट्टी थांबली की मीच थांबणार. मग आई उशाशी रेडिओ लावून ठेवायची, मोठ्यानं. आता दमाबिमा काही नाही, डॉक्टरनी पळायला सांगितलंय... पण पळताना माझा श्वास मला ऐकू आला ना, की अजून भीती वाटते. दिवसभर दवाखान्यात लोकांना सांगत असते, शांत व्हा, नाकानं श्वास घ्या. आणि मी स्वतः...”

ती हसली, पण ते हसू काही नीट जमलं नाही. थिउ हसला नाही.

“खेन कसा वाजतो, माहितीय?” तो म्हणाला. “बासरी फुंकताना वाजते. खेन श्वास आत घेतानाही वाजतो. आत, बाहेर, दोन्हीकडे सूर. पहिल्यांदा शिकताना मीही घाबरायचो, आत ओढलेला श्वास असा मोठ्यानं वाजला की. माझे गुरुजी म्हणायचे, ऐक रे, त्याला ओळख, तो काही परका नाही.”

“मग ओळख झाली?”

“झाली की. आता सात वर्षं तोच पोट भरतोय माझं.”

दुसऱ्या दिवशी फायनं इअरफोन खिशात ठेवले आणि अर्ध्या फेरीतच रडकुंडीला येऊन परत कानात घातले. त्यानं फक्त वेग कमी केला. त्याच्या पुढच्या दिवशी पाऊण फेरी झाली. तो शेजारून हलक्या आवाजात मोजत राहिला, “तीन पावलं आत... दोन बाहेर... हां, अस्सं.” आठवड्यानं पुरी फेरी. तोवर तिला ओल्या ट्रॅकवरची आपल्या बुटांची चपचप ऐकू यायला लागली होती, पाण्यावरचे पक्षी ऐकू यायला लागले होते, पा नुआन गिऱ्हाइकांना काय काय सांगते तेही ऐकू यायला लागलं होतं – त्यातलं निम्मं तिच्याबद्दलच होतं! आणि शेजारी थिउचा श्वास... तीन फेऱ्या झाल्या तरी झोपून उठल्यासारखा संथ. तो तिला सगळ्यात आधी पाठ झाला. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, ते मात्र दोघांनाही सांगता आलं नसतं.

पाऊस ओसरत गेला आणि वर्षावास संपत आला. वर्षावास संपला की फड बाहेर पडणार, ट्रक भरून, गावोगाव, आठ महिने. हे फायला पहिल्यापासून माहीत होतं. पण माहीत असलेली गोष्टही जवळ आली की काय त्रास देते!

आणि थिउ काहीच बोलत नव्हता. त्याच्या मनात आहे की नाही? की आपण त्याच्यासाठी नुसती पाठीवर येऊन आदळलेली एक गमतीदार पोरगी? तो असाच निघून गेला, तर आठ महिने हा प्रश्न घेऊन पळायचं... ती कल्पनाच तिला सोसवेना.

“तूच बोल,” पा नुआन म्हणाली. “बांबू फुंकणाऱ्या माणसाचं तोंड कायम गुंतलेलं असतं.”

शेवटची संध्याकाळ. उद्या पहाटे फडाचा ट्रक निघणार होता. फायनं ठरवलं – पहिल्या फेरीत सांगायचं. पहिल्या फेरीत तिनं हवेबद्दल सांगितलं. दुसऱ्या फेरीत दवाखान्यातल्या एका आजोबांची कवळी कशी हरवली, ते साग्रसंगीत सांगितलं. तो हसला, तीही हसली, आणि शिरीषाचं झाड समोर आलं.

डोक्यावरचा कर्णा खरखरला.

सहा वाजायला आले होते. आता नाही तर... आता नाही तर कधीच नाही!

“पी थिउ, मला तू आवडतोस. खूप. तू जाऊ नयेस असं वाटतं, पण जा... फक्त तुझ्या मनात काय आहे ते सांगून जा.”

त्यानं तोंड उघडलं –

आणि राष्ट्रगीत सुरू झालं.

सगळं तळं थांबलं. तोही थांबला, तीही. दोघं शेजारी शेजारी, ताठ, समोर बघत. बोलायचं नाही, हलायचं नाही, मान वळवून बघायचंसुद्धा नाही. हे काय करून बसलो आपण, फायला वाटलं. एवढ्या मोठ्या दिवसात हेच मिनिट सापडलं आपल्याला! पिवळी बदकं तिच्याकडेच बघत असावीत. तिला कानात बोटं घालावीशी वाटली, गाणं लावावंसं वाटलं, खूप मोठ्यानं...

पण इअरफोन खिशात होते आणि कान उघडे. म्हणून ती ऐकत राहिली. आधी स्वतःचा श्वास, धावता, घाबरलेला, पण ओळखीचा. आणि मग त्याच्या पलीकडे...

तीन फेऱ्यांनीही न चढणारा थिउचा श्वास तुटत होता. अडकत होता, गडबडत होता, पुन्हा धावत होता. ही जागा तिनं हजार वेळा ऐकली होती. तिसऱ्या कडव्यानंतरची.

फायच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायची सोय नव्हती. तिनं ते खुशाल वाहू दिलं.

गीत संपलं. सायकली हलल्या, पावलं सुरू झाली, दोन्ही बाजूंनी माणसं पळत जायला लागली.

“फाय,” तो म्हणाला.

“चुकलास.”

“कुठे?”

“तिथेच. त्याच जागी.”

तो हसला आणि त्यानं हळूच तिचा हात धरला. त्याच्या बोटांना बांबूच्या भोकांवर ठेवून ठेवून घट्टे पडले होते. “पहिल्या दिवसापासून चुकतोय,” तो म्हणाला. “पण आठ महिने गं... तुला थांब म्हणायची हिंमत होईना.”

“कोण थांबतंय? मी पळणार. एका कानात तू, एक कान उघडा.”

“आणि सहा वाजता?”

“सहा वाजता दोन्ही कान उघडे. तू कुठल्याही गावात असलास तरी सहाला थांबशीलच ना?”

“थांबावंच लागतं.”

“मग रोजचं एक मिनिट माझं.”

त्यानं नुसती मान हलवली. त्याचा हात तिच्या हातात तसाच होता. पाण्यावर ऊन पिवळं होत होतं, आणि पळणारे त्यांना वळसा घालून, हसत हसत पुढे जात होते.

“ए पोरांनो!” फाटकाजवळून पा नुआन ओगराळं उंचावून ओरडली. “राष्ट्रगीत कधीच संपलं! हला की आता!”

अख्ख्या तळ्याला ऐकू गेलं. त्या दोघांना नाही – आणि आज तर कानांत काहीसुद्धा नव्हतं.