रुमाल टाकलेली खुर्ची

नातीच्या लग्नाची डीव्हीडी मावशीला पोचली आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी तिचा फोन आला. सोन्या तेव्हा दुकानात बसून कॅमेऱ्याची लेन्स शर्टाच्या टोकाने पुसत होता, कारण त्याचं पिवळं मऊ फडकं लग्नाच्या दिवसापासून कुठे गडप झालं होतं, देव जाणे. सोन्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. चाळिशी उलटली, डोक्यावर चंद्र उगवला, सगळे त्याला व्हिडिओवाला म्हणून ओळखू लागले, तरी मावशीसाठी तो सोन्याच राहिला. आई लवकर गेल्यावर मावशीनेच त्याला वाढवलं होतं, तेव्हा तो हक्क तिचाच.

“बघितलीस का डीव्हीडी?” त्याने हौसेने विचारलं.

“बघितली. पण सगळे पुसट आलेत रे. छकुली हसतेय की रडतेय तेच कळत नाही. कुणी हात हलवला की हाताची झालर होते. हे तेवढे छान स्पष्ट आलेत.”

“हे म्हणजे काय?”

“हे म्हणजे हे.”

“अगं, पण काय? स्टेज? फुलं? की जेवणाची टेबलं?”

“शहाणाच आहेस,” मावशी म्हणाली. “जन्मभर ज्यांचं नाव घेतलं नाही, ते आता तुझ्यासाठी फोनवर घेऊ का?”

सोन्याचा हात लेन्सवरच थांबला. काकांना, म्हणजे मावशीच्या नवऱ्याला, जाऊन वर्ष होत आलं होतं आणि लग्न तर गेल्या महिन्यातलं.

त्याने स्वतःची समजूत घातली. मावशीचं वय झालंय, टीव्ही जुना डबा, त्यात चित्र असं बिघडलेलं. धुरकटात माणसाला आपलं माणूस दिसायचंच. खरी लाज वेगळीच होती. खुब्याचं हाड मोडल्यामुळे मावशीला एकुलत्या एका नातीच्या लग्नाला जाता आलं नव्हतं. “तू नीट काढून आण, मी इथून बघेन,” एवढंच तिने मागितलं होतं. आयुष्यभर हिने आपल्यासाठी खस्ता खाल्ल्या आणि आपण तिला नातीचा चेहराही धड दाखवू नये, हे सोन्याला फार लागलं.

दुकानाच्या मागे त्याची एडिटिंगची खोली होती. खिडकी नव्हती, पंखा कुरकुरायचा. बाहेर टळटळीत दुपार असली तरी आत पडद्यापुरताच उजेड. त्याने आधी कॅमेऱ्यातलं मूळ चित्रण लावलं. ते आरशासारखं लख्ख होतं. छकुलीच्या पापण्यांवरचं पाणीसुद्धा दिसत होतं. हॉल माणसांनी फुलून गेला होता, कित्येकजण हातात ताटल्या घेऊन भिंतीला टेकून उभे होते. आणि मागच्या रांगेत, दाराजवळच्या खांबापाशी, तीन खुर्च्या रिकाम्या होत्या.

शूटिंग करताना हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. माणसं त्या खुर्च्यांपर्यंत यायची, जराशी थबकायची, आणि कुणाला तरी ‘असू दे, असू दे’ म्हटल्यासारखं हसून पुढे जायची.

मग त्याने डीव्हीडी लावली. मावशी म्हणाली ते खरं होतं. चेहऱ्यांचे चौकोनी ठोकळे झाले होते, हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीला झालर सुटली होती. फक्त खांबाजवळ, मधल्या खुर्चीवर, काका बसले होते. त्यांच्या तपकिरी स्वेटरचा उसवलेला टाकासुद्धा दिसत होता. शेजारच्या खुर्चीवर चौकडीचा रुमाल पसरलेला होता आणि काकांचा हात त्या खुर्चीच्या पाठीवर होता.

पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येत राहिली. कुठूनतरी लवंगेचा वास आला. काकांच्या तोंडात कायम लवंग असायची.

जागा धरणं हा काकांचा जन्मजात छंद. बस असो, सिनेमा असो, डॉक्टरांची ओपीडी असो, सगळ्यांच्या तासभर आधी जाऊन ते घरच्यांसाठी जागा धरून बसत. कधी रुमाल टाकून, कधी चष्म्याचं घर ठेवून. एकदा तर काहीच हाताशी नव्हतं म्हणून पायातली एक चप्पल ठेवली होती. “जागा धरलीय, या निवांत,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आपल्या माणसाला उभं राहावं लागलं तर ते त्यांना स्वतःचा अपमान वाटे.

सोन्या घाबरला, पण हाडाचा कारागीर होता. भीती वाटली की तो कामाला लागायचा. चित्र का बिघडलं ते त्याने शोधायला घेतलं. पहिली चूक मायेतून झालेली होती. मावशीला उठून डिस्क बदलावी लागू नये म्हणून त्याने अख्खं लग्न एकाच डिस्कवर कोंबलं होतं. एवढ्याशा पिशवीत एवढं सामान भरल्यावर सगळ्याचा चोळामोळा होणारच. दुसरी चूक निव्वळ वेंधळेपणाची. जुना टीव्ही चित्र एका दमात काढत नाही. आधी एकाआड एक ओळींचं अर्धं चित्र काढतो, मग उरलेल्या ओळींचं अर्धं. कोणतं अर्धं आधी, ते डीव्हीडी बनवताना सांगावं लागतं. सोन्याने नेमकं उलटं सांगून ठेवलं होतं.

त्याने चित्र थांबवून दोन्ही अर्धी वेगळी करून पाहिली. एका अर्ध्यात खुर्ची रिकामी होती. दुसऱ्या अर्ध्यात काका होते.

त्याने लग्न दोन डिस्कवर वाटलं. चेहरे उजळले आणि काका जरा फिके झाले. मग अर्ध्यांचा क्रम सुलटा केला. झालर गेली, छकुली खुदकन हसली, आणि खांबाजवळ नुसत्या तीन खुर्च्या उरल्या. खोलीतला लवंगेचा वासही गेला.

एखाद्याने देवाचे आभार मानून दुकान बंद केलं असतं. सोन्याला मात्र तो रुमाल सोडीना. जागा कुणासाठी धरलीय, हे समजायला फार अक्कल लागत नव्हती. मावशी खाटेला खिळलेली, जेवण दोन घासांवर आलेलं. तिच्याशिवाय सोन्याला आई म्हणावं असं जगात कुणी नव्हतं. त्याने ठरवलं, नव्या डिस्क द्यायच्या, जुनी काढून घ्यायची आणि मोडून टाकायची. रुमालच नाही तर खुर्ची कसली.

मावशीने नव्या डिस्क पाहिल्या त्या अगदी तोंडावर पदर धरून. छकुलीला बघून रडली, विहीणबाईंच्या रंगवलेल्या केसांना हसली, “नातजावई जरा जास्तच खातोय,” म्हणाली. मग कॅमेरा मागच्या रांगेकडे वळला.

“हे उठून गेले वाटतं,” ती हळूच म्हणाली.

“मावशी, ते नव्हतेच गं... ती चूक होती माझी.” आणि त्याने तिला अर्ध्या-अर्ध्या चित्राची सगळी भानगड सांगितली.

मावशीने मन लावून ऐकलं. “मग बरोबर आहे की. मी त्यांची अर्धांगिनी ना? एक अर्धं इथे खाटेवर पडलंय, दुसरं तिकडे जाऊन बसलंय. तू दोन्ही नीट सांधायला गेलास म्हणून हे दिसेनासे झाले.”

“ती जुनी डिस्क दे मला.”

“नाही देणार.” तिने ती उशीखाली सरकवली.

“मावशी... तो रुमाल कुणासाठी आहे, कळलंय का तुला?”

“न कळायला काय झालं? मीच शिवलाय तो.”

“मला भीती वाटते गं,” सोन्या म्हणाला, आणि त्याचा आवाज लहानपणी फुटायचा तसा फुटला.

मावशीने त्याच्या टकलावरून हात फिरवला. “वेड्या, ह्यांना तासभर आधी जायची खोड, आणि मला तयार व्हायलाच दोन तास लागतात. आमच्या लग्नापासून हेच चाललंय. कधी चिडले नाहीत. बसतील वाट बघत. एक डिस्क छकुलीला बघायला, एक ह्यांना बघायला. त्यात तुझं काय जातं?”

सोन्याने तिचं पांघरूण सारखं केलं. तो घरी गेला, तो जुनी डिस्क तिच्या उशीखाली ठेवूनच.

आणि नवल असं की मावशी सुधारू लागली. दोन घासांच्या दोन पोळ्या झाल्या. काठी घेऊन ती खिडकीपर्यंत जाऊ लागली. रोज दुपारी तिचा फोन यायचा. “रुमाल आहे जागेवर, मीही आहे,” एवढं सांगून ती हसत ठेवून द्यायची. सोन्याची भीती हळूहळू ओसरली. पुढेपुढे तो ही गंमत गिऱ्हाइकांनाही सांगू लागला.

एका दुपारी सोन्या मागच्या खोलीत लेन्स पुसत बसला असताना असाच फोन आला. आवाज अगदी खुशीत होता.

“सोन्या, आज मी काठीशिवाय चालले. आणि ऐक, तुझी हरवलेली वस्तू सापडली.”

“कोणती?”

“ते पिवळं फडकं रे, तुझ्या कॅमेऱ्याचं. आज नीट बघितलं तर ह्यांच्या पलीकडच्या खुर्चीवर टाकलेलं दिसलं. तीही धरून ठेवलीय. कुणाच्याही लग्नात दिवसभर उभा असतोस ना तू, दया आली असेल ह्यांना.”

सोन्याने शर्टाचं टोक लेन्सवरून बाजूला केलं. खिडकी नसलेल्या खोलीत पंखा कुरकुरत होता.

“मावशी... काकांचा हात कुठे आहे?”

पलीकडे ती टीव्हीजवळ सरकल्याचं ऐकू आलं. काठी वाजली नाही.

“अगंबाई,” मावशी म्हणाली. “माझ्या खुर्चीवर होता की रे कालपर्यंत. आज तुझ्या खुर्चीवर ठेवलाय.”

सोन्याने श्वास घेतला. खोलीभर लवंगेचा वास होता.