उझी माशीची जागा

आई आपल्या लेकरांसाठी जगातली सगळ्यात सुरक्षित जागा शोधते, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. उझी माशीही आईच. ती रेशमाच्या अळीची पाठ शोधते, आणि लेकरं मग ती अळी आतून खातात.

शिवरंजनीला हे पुरतं ठाऊक होतं. ताडकळसजवळच्या त्यांच्या रेशमाच्या शेडला म्हणूनच चारी बाजूंनी जाळी होती. ही बॅच चांगली निघाली तर लग्न वर्षभर लांबेल आणि शेड तिच्याकडंच राहील, असा शब्द वडिलांनी, मन्मथअप्पांनी, दिला होता. नाहीतर पाथरीचं स्थळ तयारच होतं.

अळ्या शेवटची कात टाकून उठल्या, त्या दुपारी भुरभुर पावसात महारुद्र दारात आला. परभणीला शेतीचं शिकत होता; उझी अंडी घालायला जागा कशी निवडते, यावर प्रबंध लिहीत होता. जायचं होतं शेजारच्या शेडवर, चुकून इथं आला.

“आत येऊ?”

“चिखलाचे पाय घेऊन? तिथूनच बोला.”

“जाळीतनं तुमी नीट दिसत न्हाई...”

“मला बघायला आलाव का माशी?”

उत्तरादाखल त्यानं जाळीचं दार हातभर उघडून धरलं. ती आत, तो बाहेर. मर्यादा पाळली गेली.

दुसऱ्या दिवशी शेजारचं शेड त्याला सापडलं, तरी तो इथंच आला. तिसऱ्याही दिवशी. हजारो अळ्या पाला खाताना सरसर आवाज येतो; बाहेर पाऊस होताच. दोघांना जवळ सरकूनच बोलावं लागायचं.

“ती आधी वास घेती,” तो हळूच सांगायचा. “बारकी अळी तिला चालत न्हाई. भरलेली, कोष करायला आलेली बघती... मग अलगद पाठीवर बसती.”

“लय चोखंदळ हाय की. अन् तुमी?”

“मी बी लय शेडं हिंडलो. दुसरीकडं थांबावंच वाटंना.”

“म्हंजी मी अळी?”

तो लाजला. दार आणखी वीतभर उघडलं.

सहाव्या दिवशी अळ्यांच्या अंगावर उझीची खूण असलेले काळे ठिपके दिसले. एका ठिकाणी नाही, सगळ्या रॅकवर. एक अळी तिनं तळहातावर घेऊन त्याच्यासमोर धरली.

“अप्पा म्हणायलेत, पोरीच्या हाताला गुण न्हाई,” ती म्हणाली. “तुमी सांगा त्यांना, ‘दार मी उघडं धरलं’ म्हणून. आणखी एक बॅच घेऊ देतेल ते.”

“शिवरंजनी... माझं लय प्रेम हाय तुमच्यावर.”

“ते ऱ्हाऊ द्या. दाराचं सांगा.”

तो पायाकडं बघत राहिला. “माशीवर प्रबंध लिहिणारा माणूस मी... असं कसं सांगू? गाईडच्या कानावर गेलं तर?”

तिनं त्याच्या हातातून दार ओढून घेतलं आणि घट्ट लावलं. माश्या आतच राहिल्या.

कोष झाले, पण बहुतेकांना भोकं होती. भोकाच्या कोषाचा धागा सलग निघत नाही. अप्पांनी शेडमध्ये सोयाबीनची पोती रचली.

लग्न पाथरीला झालं. महारुद्र येऊ शकला नाही. त्याच दिवशी त्याची प्रबंधाची तोंडी परीक्षा होती. पास झाला.