एकदाच वाढा

जिलब्यांचं ताट घेऊन पंगतीत फिरणारा माणूस आपल्यापाशी येणार हे उत्तरानं दुरूनच पाहिलं होतं आणि ती तयारीत होती. डावा हात पानावर आडवा, आणि चेहऱ्यावर ते ठेवणीतलं हसू, नातेवाइकांशी भांडण टाळायला वापरतात ते.

"जिलबी?" त्यानं विचारलं.

"नको. एक घेतली, छान होती. आता नको."

"बरं," तो म्हणाला आणि पुढे गेला.

उत्तराचा हात पानावर तसाच राहिला. बरं...? एवढंच? 'एकीनं काय होतंय' नाही, 'माझ्यासाठी एक' नाही, 'किती वाळलीयस' नाही. शेजारच्या बाईंच्या पानात तो दोन जिलब्या ठेवत होता, कारण त्यांनी दोन मागितल्या होत्या. उत्तरा कर्णिकनं एकोणतीस वर्षांच्या आयुष्यात अनेक पंगती पाहिल्या होत्या, पण 'नको' म्हटल्यावर निघून जाणारा वाढपी तिला पहिल्यांदाच भेटत होता.

ही पंगत होती दिंडोशीला, तिच्या ऑफिसातल्या नीलमच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीची. सोसायटीच्या हॉलमध्ये पंखे गरगरत होते, उदबत्तीचा आणि मसालेभाताचा वास एकमेकांत मिसळला होता, आणि जेवणारी प्रत्येक व्यक्ती दुसऱ्याच्या पानात काहीतरी ढकलायच्या मागे होती. जेवण झाल्यावर उत्तरा हात धुवायला गेली, तर तो तिथेच जिलबीच्या पाकानं चिकट झालेली बोटं चोळत उभा.

"तुम्ही वाढपी म्हणून अगदी वाईट आहात," ती म्हणाली.

"का? साडीवर सांडलं काही?"

"आग्रह केला नाहीत."

"तुम्ही नको म्हणालात ना?"

"म्हणाले. पण सहसा ते कुणाला ऐकू येत नाही."

तो हसला. हसताना त्याचा एक गाल दुसऱ्यापेक्षा जरा जास्तच वर जायचा, हे तिच्या लक्षात आलं आणि ते लक्षात आल्याचा तिला रागही आला. "माझा धंदाच तो आहे हो. घाटकोपरला कानाच्या मशिनी बसवतो मी. दिवसभर लोकांना विचारायचं, ऐकू येतंय का... आणि मलाच नाही आलं तर दुकान बंद करावं लागेल."

देवदत्त परब त्याचं नाव. नीलमच्या नवऱ्याचा मित्र, राहणार चारकोप, घरी आई. जिलब्या वाढायला त्याला आयत्या वेळी धरलं होतं.

आता हे 'नको' उत्तराला इतकं का जपावंसं वाटत होतं, ते सांगायला हवं. तिनं बावीस किलो वजन उतरवलं होतं. उतरत होतं तोवर सगळं जग तिच्या बाजूनं होतं. शाब्बास काय, जिद्द काय, फोटो काय. मनातला आकडा गाठला त्या दिवशी आईनं पेढे आणले आणि त्या पेढ्यांपासूनच भांडण सुरू झालं. 'झालीस ना आता बारीक? मग खा की.' वजन म्हणजे जणू बारावीची परीक्षा, एकदा पास झालं की पुस्तकं रद्दीत.

पण उत्तराला पुढचं माहीत होतं. याआधी दोनदा तिनं वजन उतरवलं होतं, आणि दोन्ही वेळा ते आणखी चार किलो सोबत घेऊन परत आलं होतं. म्हणून या खेपेला तिनं म्हातारपणापर्यंत निभेल असंच काहीतरी ठरवलं. खायचं सगळं. भात, पुरणपोळी, वडापावसुद्धा. पण ताटात एकदाच वाढून घ्यायचं, बसून, सावकाश, फोन बाजूला ठेवून खायचं, आणि पुन्हा घ्यायचं नाही. हे तिला जमलं. लोकांना जमलं नाही. वजन उतरवत होती तेव्हा ती जिद्दी होती, आता ते टिकवत होती तर नखरेल ठरली.

सुरुवातीला तिनं खोटं बोलून पाहिलं. सोमवारचा उपवास, गुरुवारचा उपवास, संकष्टी, प्रदोष. त्याचा परिणाम इतकाच झाला की मावशी साबुदाण्याची खिचडी वर तुपाची धार सोडून समोर ठेवायला लागली, आणि काकूंनी तिच्या भक्तीवर खूश होऊन एका कीर्तनकाराच्या घरचं स्थळ सुचवलं. त्या दिवशी उत्तरानं ठरवलं की पुरे हे. यापुढे कारण द्यायचं नाही. नको म्हणजे नको.

आणि असं ठरवून बसलेल्या मुलीला कुणीतरी नुसतं 'बरं' म्हणतं, तेव्हा तिचं काय होणार?

जे व्हायचं तेच झालं. तिचं ऑफिस अंधेरीला, त्याचं दुकान घाटकोपरला, आणि मधे मेट्रो. तो संध्याकाळी अंधेरीला उतरायला लागला. आधी म्हणे कामं असायची, मग कामं संपली तरी उतरतच राहिला.

एकदा शेवपुरीच्या गाडीपाशी उभे होते. तिनं एक प्लेट घेतली आणि एकेक पुरी अशी खाल्ली, की गाडीवाला भय्याही थांबून बघायला लागला.

"तू खातेस ना, तेव्हा बाकीचं जग बंद असतं," देवदत्त म्हणाला. अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघांनाही आठवत नव्हतं.

"एकच प्लेट मिळते मला. वसूल करते."

"मी इथेच उभा आहे, हे तरी दिसतं का तेव्हा?"

"शेवटच्या पुरीनंतर दिसतोस."

"चालेल," तो म्हणाला. "मी थांबतो."

असं काहीतरी तो साध्या आवाजात बोलून जायचा आणि उत्तराला मग घरी पोचेपर्यंत दुसरं काही सुचायचं नाही. ती प्रेमात पडली होती, आणि चांगलीच पडली होती.

स्वतःच्या आईबद्दलही त्यानंच सांगितलं. वडील कामाला होते ती गिरणी बंद पडली तेव्हा तो लहान होता. घरी पाहुणा आला तर 'अजून घ्या' म्हणायची आईची टाप नव्हती, कारण पातेल्यात अजून काही नसायचंच. पुढे दिवस पालटले, चारकोपला खोली झाली, पण तेव्हापासून आईला कुणाचं ताट रिकामं बघवत नाही.

"तिला तुला भेटायचंय," तो म्हणाला. "रविवारी जेवायला ये."

उत्तरानं हातातली शेवपुरीची प्लेट खाली ठेवली. "तिला आधी सांगून ठेव हं. मी सगळं खाईन, पण एकदाच. मग तिला वाईट वाटायला नको."

"सांगतो ना. टेन्शन नको घेऊस," तो म्हणाला आणि शेवपुरीवाल्याकडे बघायला लागला. ते बघणं तिला जरा खटकलं होतं, पण तिनं सोडून दिलं.

रविवारी चारकोपच्या त्या घरात पाऊल टाकलं तेव्हा भाजलेल्या खोबऱ्याचा वास जिन्यापर्यंत आला होता. विमलताई परब ठेंगण्या, चपळ, पदर खोचलेल्या. त्यांनी तिचे दोन्ही हात धरून आत नेलं. देवदत्तचे मामा, श्यामकांत, आधीच पाटावर बसावं तसं खुर्चीत मांडी घालून बसले होते. ताटं आली. मामांच्या ताटात कोंबडी आणि टम्म फुगलेले वडे, वाटीत शिरवाळे, म्हणजे वाफवलेल्या तांदळाच्या पिठाच्या शेवया, वर गूळ घातलेला नारळाचा रस. देवदत्तच्या ताटात तेच. उत्तराच्या ताटात नाचणीची भाकरी, कारल्याची भाजी आणि काकडीचे चार काप.

"घाबरू नको हां बाय," विमलताई मायेनं म्हणाल्या. "तुझ्यासाठी सगळा बिनसाखरेचा केलंय. किती वरसा झाली गो शुगर होऊन?"

"शुगर?"

"मेथीचे दाणे भिजवून घ्यायचे सकाळी," मामा म्हणाले. "लाजायचं काय त्यात."

उत्तरानं देवदत्तकडे पाहिलं. तो ताटाकडे बघत होता आणि त्याचे कान लालबुंद झाले होते.

तिला सगळं कळलं. आणि खरं सांगायचं तर एक क्षणभर मोहही झाला. एक 'हो' म्हटलं की झालं. या घरात जन्मभर कुणी आग्रह करणार नाही. लग्न होईल, सणवार होतील, आणि तिच्या ताटाकडे सगळे कीव करत बघतील, पण त्यात काही टाकणार नाहीत. किती सोपं... विम्याच्या कंपनीत दिवसभर लोकांची खोटी आजारपणं पकडणारी उत्तरा, स्वतःच्या नावावरचं एक आजारपण नुसतं गप्प राहून मंजूर करू शकत होती.

"मला शुगर नाही, काकू," ती म्हणाली.

"नाय? मग देवदत्त काय सांगत होतो माका? दुसरा काय दुखणा?"

"काही नाही. मी ठणठणीत आहे."

"मग खाऊक काय होता?"

"खाते ना. मला वडे हवेत, रस्सा हवा, शिरवाळे तर हवेच आहेत, जिन्यापासून वास येतोय. फक्त एकदाच वाढा. नंतर मी नको म्हटलं, की नको. उपवास म्हणून नाही, आजार म्हणून नाही. मला पुरलं म्हणून."

"पुरला?" विमलताईंचा आवाज चढला. "एकदा वाढून कोणाक पुरता गो? माझ्या घरातून कोण अर्धपोटी गेलेला नाय."

"मीही नाही जाणार." उत्तरानं समोरचं ताट जरा पुढे सरकवलं. "पोट भरल्यावरही खात आले मी, काकू, लहानपणापासून. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. ते सगळं मग मलाच उतरवावं लागलं, एकटीला. आता कुणाचं मन राखायला मी खाणार नाही. तुमचंसुद्धा. हे चालत नसेल तर मी उठते. पण आजारी म्हणून या ताटावर नाही बसणार."

मामांनी हातातला वडा परत ताटात ठेवला.

"खोटं मी बोललो, आई," देवदत्त म्हणाला. "ती म्हणाली होती, खरं सांग म्हणून. मला वाटलं, शुगर म्हटलं की तू ऐकशील."

"आणि नुसतं 'तिला नको असतं' म्हटलं तर?" हे उत्तरानं विचारलं.

"तर ऐकणार नाही... असं वाटलं. घाबरलो मी."

"तुला माझं 'नको' ऐकू आलं म्हणून मी तुझ्या प्रेमात पडले, देवदत्त. आणि आईला सांगताना तू त्याला डॉक्टरची चिठ्ठी जोडलीस."

विमलताई उठल्या. त्यांनी उत्तरासमोरचं ताट उचललं आणि आत गेल्या. संपलं, उत्तराला वाटलं. तिनं पर्सकडे हात नेला. डोळे भरून आले होते, पण बोललेल्या एका शब्दाचाही तिला पश्चात्ताप होत नव्हता.

विमलताई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात दुसरं ताट होतं. वडे, रस्सा, वाटी काठोकाठ भरलेले शिरवाळे. ताट त्यांनी जरा आपटूनच ठेवलं.

उत्तरा जेवली. सावकाश, नेहमीसारखी. शिरवाळ्यांच्या पहिल्या घासाला तिचे डोळे आपोआप मिटले आणि समोर बसलेल्या विमलताईंनी ते पाहिलं. वाटी संपली. विमलताई पातेलं घेऊन आल्या, पळी भरली आणि वाटीवर धरली.

"वाढू?"

"नको, काकू. पुरलं."

पळी हवेतच राहिली. रसाचा एक थेंब टेबलावर पडला. देवदत्त खुर्ची सरकवून उभा राहिला. त्यानं तोंड उघडायच्या आत उत्तरानं मान हलवून त्याला थांबवलं, हे तिचं तिला करायचं होतं.

"आवाडला?"

"खूप."

"मगे..." विमलताईंनी ओठ घट्ट मिटले. त्यांनी त्या चाटूनपुसून स्वच्छ केलेल्या वाटीकडे पाहिलं. मग वळल्या आणि भरलेली पळी त्यांनी भावाच्या वाटीत ओतली.

"अगो, माका खरोखरची शुगर आसा," श्यामकांतमामा कळवळून म्हणाले, पण तोवर दुसरी पळीही पडली होती.

निघताना विमलताई दारापर्यंत आल्या. "माका ह्या पटूक नाय हां," त्यांनी स्पष्टच सांगितलं. "पण खोटा बोललो तो माझो झील, तू नाय. परत ये."

मेट्रोपर्यंत देवदत्त सोबत आला. दुपारची उन्हं रणरणत होती. गुलमोहराच्या सावलीतून सावलीत दोघं चालत होते.

"राग गेला?"

"नाही."

"बरं." जरा वेळानं तो म्हणाला, "यापुढे तुझ्या वतीनं मी कुणाला काही सांगणार नाही. तुझं तू बोल. मी सोबत असेन."

"मान खाली घालून?"

"वर करून."

स्टेशनच्या जिन्याशी तो थांबला. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता, केस विस्कटलेले. "उत्तरा," तो म्हणाला, "माझ्याशी लग्न करशील?"

उत्तराला शब्दच फुटेना. इतका वेळ भांडायला सुचत होतं, आणि आता... ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. तो थांबला. बराच वेळ थांबला. मग त्यानं हळूच मान डोलावली.

"ठीक आहे. चल, सांभाळून जा."

"एवढंच?"

"तू काही बोलली नाहीस. मी आग्रह नाही करणार, यार. आज तरी नाहीच नाही."

"देवदत्त, ते जेवणाचं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे हे परत विचार."

त्याचा तो एक गाल हळूहळू वर जायला लागला. त्यानं परत विचारलं.

"अजून एकदा," ती म्हणाली.

त्यानं तिसऱ्यांदा विचारलं, आणि मग उत्तरा हो म्हणाली. जिन्यावरून उतरणाऱ्या दोन अनोळखी बायका वळून बघतील, इतक्या मोठ्यानं म्हणाली.