तिसरी केस

भिवंडी बायपासजवळच्या एका हॉलमध्ये, रविवारी सकाळी, माझ्या शेजारच्या खुर्चीत एक देखणा तरुण डॉक्टर चक्क झोपला होता... आणि समोर चालू होतं ते मी बहिरेपणावर लिहिलेलं भाषण!

बोलणारे सर वेगळे होते, ठाण्याहून आलेले. पण त्यांच्या तोंडून निघणारं वाक्य न् वाक्य माझं. डॉक्टरांनाही डिग्रीनंतर शिकत राहावं लागतं, त्यासाठी असे वर्ग भरतात, आणि त्या वर्गांची भाषणं, केसेस म्हणजे काल्पनिक पेशंटच्या हकीकती, आणि त्यांखालचे प्रश्न कुणाला तरी बसून लिहावे लागतात. ते कुणीतरी म्हणजे मी, विनिता तरे, बी. फार्म. ठाण्याच्या एका कंपनीत लेखिका. तीही कच्ची. अजून परमनंट झाले नव्हते.

माझे बाबा, बाळाराम तरे, गावभर सांगायचे, “आमची पोरगी डाक्टरांना शिकवते.” आणि घरी आले की मला म्हणायचे, “तुला सोताला सर्दी झाली तरी औषध समजत न्हाय, तू त्यांना काय शिकवणार हाय?” त्यांना हसून उत्तर द्यायचे, पण मनातून तीच भीती होती. मला खरंच लिहिता येतं का?

टाळ्या वाजल्या तसा शेजारचा जागा झाला आणि सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवू लागला.

“झोप झाली?” माझ्यानं राहवलं नाही.

तो जराही ओशाळला नाही. “मस्त झाली. भाषण फारच बरोबर होतं ना!”

“बरोबर असलं की झोप येते?”

“एकही चूक नाही... आणि एकही माणूस नाही. ज्यानं लिहिलंय त्यानं पेशंट लांबूनसुद्धा पाहिलेला नसावा.”

“मी लिहिलंय ते.”

आता मात्र त्याचे कान लालबुंद झाले. नंतर कळलं की तो कानाचाच डॉक्टर होता. डॉ. देवेश भोईर, दवाखाना भिवंडीतच, नारपोलीत.

“सॉरी... म्हणजे, तसं नव्हतं म्हणायचं—”

“तसंच होतं म्हणायचं. मग दाखवा की पेशंट!”

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग हसला. “शुक्रवारी या. शुक्रवारीच.”

“शुक्रवारीच का?”

“आल्यावर कळेल.”

असा माणूस. अर्धं बोलणार आणि अर्ध्याचा घोळ माझ्या डोक्यात ठेवून जाणार. पुढे सगळं असंच होत गेलं.

शुक्रवारी गेले आणि दारातच थबकले. नारपोलीच्या त्या गल्लीत एरवी लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खटखटीत स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. आज सगळं चिडीचूप. कुठल्याशा घरात भांडं पडलं तेही ऐकू आलं.

“लूमला आज सुट्टी,” देवेश म्हणाले. “कान तपासायचे तर आधी शांतता हवी. ती आमच्याकडे शुक्रवारीच मिळते. आणि लूमवाल्याच्या कानाला विसावा मिळाल्याशिवाय तपासणी खरी येत नाही.”

पहिला पेशंट रामू. वीस-बावीस वर्षं लूम चालवलेला, बायकोनं ओढून आणलेला. “कान तो एकदम फस्टक्लास हैं साब,” तो गर्जला. “बीवी धीरे बोलती है.”

देवेशनी माझ्याकडे बघून एक भुवई उचलली. माझ्या भाषणात वाक्य होतं, ‘रुग्ण ऐकू कमी येत असल्याची तक्रार करतो.’ कसली तक्रार आणि कसलं काय! मी निमूट लिहून घेतलं. मग हळूच हसले. तेही हसले. रामूला वाटलं आम्ही त्याच्या बायकोला हसतोय, त्यामुळे तो फार खूश झाला.

मग शुक्रवार ठरूनच गेला. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे आणि ऐकायचे. कानात शिट्टी वाजते म्हणणारे, घरात फार भांडणं होतात म्हणणारे, फोनवर उगाच ‘हां, हां’ करत राहणारे. देवेश कुणावर खेकसत नसत. पेशंटच्या समोर बसून, त्याला ओठ दिसतील असं सावकाश बोलत. त्यांचे ओठ मलाही दिसत... पण ते असो.

केस कशी लिहायची ते मला त्या स्टुलावर उमगायला लागलं. माझ्या वरच्या सुकन्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “‘हे वाचून डॉक्टरांना समजेल’ असं लिहायचं नाही. समजलं की नाही, मोजणार कसं? वाचल्यावर तो उद्या दवाखान्यात काय वेगळं करेल, ते लिही. आणि प्रश्नाखाली चुकीचे पर्याय असे दे, की चांगला डॉक्टरही क्षणभर घोटाळेल.” तेव्हा हे डोक्यावरून गेलं होतं. आता लूम कामगारांच्या बहिरेपणावरचा अख्खा पाठ माझ्याकडे आला होता. तो पास झाला तर मी परमनंट, नाही तर घरी. आणि तो तपासायला तज्ज्ञ म्हणून मॅडमनी नेमलं कुणाला? देवेशना!

केस लिहून पाठवली की त्यांचा शेरा यायचा. ‘छान.’ ‘हा माणूस मला माहीत आहे!’ एकदा नुसतंच ‘वा.’ मी कामात सुधारतेय म्हणून खूश व्हायचं, की आणखी कशासाठी, ते मला कळेना. सगळीकडे पर्यायच दिसायला लागले. चहाचा कप देताना त्यांचं बोट माझ्या बोटाला लागलं ते (अ) चुकून, (ब) मुद्दाम, (क) कपाचा कान लहान म्हणून, की (ड) मीच बोट पुढे केलं म्हणून? चारही पर्याय तितकेच पटणारे. प्रश्न उत्तम, उत्तर देणारी ठार गोंधळलेली.

एकदा गणेशपुरीला कान तपासणीचं शिबिर होतं. परतताना आम्ही एसटीची वाट बघत थांब्यावर उभे होतो. भातकापणी चालू होती. वाऱ्यावर पेंढ्याचा वास येत होता, आणि माझी ओढणी सारखी उडून त्यांच्या हातावर जात होती. मी ती ओढून घ्यायचे. पुन्हा जायची.

“विनिता... एक विचारू?”

“विचारा ना.”

“तुमच्या केसमधला डॉक्टर... कुणावरून लिहिलाय?”

“का?”

“फार चांगला आहे तो. इतके चांगले डॉक्टर नसतात.”

“असतो एखादा.”

ते बघतच राहिले. ओढणी पुन्हा गेली, या वेळी त्यांनीच ती बोटांत धरली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि एसटी आली. त्यांनी मला खिडकी दिली, शेजारी बसले आणि भिवंडी येईपर्यंत अवाक्षर बोलले नाहीत. आता याचा अर्थ काय लावायचा माणसानं?

त्याच संध्याकाळी मी तिसरी केस लिहायला बसले. हात लिहीत होता, मन अजून गणेशपुरीच्या थांब्यावर. लिहून पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळीच शेरा आला, ‘सुरेख. काहीही बदलू नका.’ मी तो इतक्यांदा वाचला, की आईनं विचारलं, “काय गो, लॉटरी लागली काय?”

आणि त्याच दुपारी सुकन्या मॅडमचा फोन.

“विनिता, डॉ. भोईरांनी तुझ्या पाठावरून नाव काढून घेतलंय. वर म्हणतायत, मी पास केलेलं सगळंच दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. काय झालं?”

“मला... मला माहीत नाही.”

“आता पुण्याच्या एक मॅडम बघतील. कडक आहेत. तयारीत राहा.”

मी फोन ठेवला आणि नुसती बसून राहिले. सकाळी ‘सुरेख’ आणि दुपारी ‘सगळंच तपासून घ्या’? माझं काय चुकलं? मी ‘असतो एखादा’ म्हणाले ते आगाऊपणाचं वाटलं का? की लिखाणच टाकाऊ होतं, आणि इतके दिवस ते माझ्या तोंडाकडे बघून गोड बोलत होते? फोन केला. उचलला नाही. थोड्या वेळानं दोनच ओळी आल्या, ‘पाठाचा निकाल लागेपर्यंत आपण बोलायला नको. राग मानू नका.’

राग? मला रडू आलं. राग मागाहून आला.

पुण्याहून पाठ परत आला तो लाल खुणांनी भरून. पहिल्या दोन केसेसमध्ये किरकोळ दुरुस्त्या होत्या. तिसरीवर मात्र स्पष्ट लिहिलं होतं, ‘ही केस धोकादायक आहे.’ मी ती केस पुन्हा काढली. वाचली... आणि मलाच लाज वाटली. केसमधला कामगार सकाळी उठतो आणि त्याचा एक कान एकाएकी बंद झालेला असतो. माझा तो फार चांगला डॉक्टर त्याच्याशी प्रेमानं बोलतो, कानात टाकायला थेंब देतो आणि सांगतो, पंधरा दिवसांनी पुन्हा या. एका रात्रीत गेलेला कान म्हणजे धावपळ करायची वेळ. पंधरा दिवस घरी बसला तर ऐकणं परत येण्याची आशाच संपायची. हे मला माहीत होतं! पण त्या संध्याकाळी मला एवढंच सुचत होतं, की कुणीतरी कुणाला ‘पुन्हा या’ म्हणावं.

बरं, मी चुकले. पण कानाचा डॉक्टर?

मी तडक नारपोलीला गेले. लूम सुरू होते, त्यामुळे ओरडूनच बोलावं लागलं.

“ही तिसरी केस! तुम्हाला दिसली नाही?”

देवेशनी दार लावून घेतलं. खटखट थोडी मागे सरली. “नाही दिसली.”

“कानाचे डॉक्टर आहात ना?”

“म्हणून तर नाव काढलं.” ते खुर्चीत बसले नाहीत, उभेच राहिले. “‘सुरेख’ लिहून पाठवलं आणि तासाभरात तसाच पेशंट आला. सकाळी उठला तो एक कान बंद. मी त्याला उभ्या उभ्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवला. तो दाराबाहेर गेला, आणि मला घाम फुटला. तुमच्या केसमधल्याला मी पंधरा दिवस घरी बसवून आलो होतो.”

“मग मला सांगायचं! मी दुरुस्त केली असती.”

“तुम्ही गुपचूप दुरुस्त केली असती, मी गुपचूप पास केली असती. आणि आधीच्या दोन? त्याही मी तशाच वाचल्या असतील तर? ते वाचून उद्या शेकडो डॉक्टर पेशंट तपासणार...”

“तशाच म्हणजे कशा?”

ते खाली बघत म्हणाले, “मी केस वाचतच नव्हतो, विनिता. तुझा आवाज ऐकत होतो.”

‘तुझा’ हा शब्द त्यांच्या लक्षातही आला नाही. माझ्या आला. छातीत धडधडायला लागलं, बाहेरच्या लूमपेक्षा जोरात. हेच ऐकायला मी इतके शुक्रवार त्या स्टुलावर काढले होते. आणि ऐकलं तेव्हा आनंदाच्या आधी डोळ्यांत पाणी का यावं?

“म्हणजे ते ‘छान’, ते ‘वा’... सगळं मला होतं? लिखाणाला नव्हतंच?”

“मला... खरंच सांगता येत नाही.”

“मग मला लिहिता येतं की नाही, ते कोण सांगणार?”

मी निघून आले.

त्यानंतर तिसरी केस मी पुन्हा लिहिली. एकटीनं. कुठे अडले की हात फोनकडे जायचा, मी तो मागे घ्यायचे. पुस्तकं काढली, नवे लेख वाचले, फार्मसी कॉलेजच्या जुन्या बाईंना गाठलं. या वेळी केसमधला डॉक्टर गोड बोलत बसत नाही. पेशंटला विचारतो, ‘कधीपासून?’ आणि उत्तर ऐकताच चिठ्ठी लिहून गाडीत बसवतो. ‘पुन्हा या’ पानभर कुठेच नव्हतं. पाठवली आणि जीव मुठीत धरून बसले.

पुण्याचा शेरा आला. ‘पाठ पास. तिसरी केस सर्वांत चांगली. ही लेखिका पुढच्या कामासाठीही हवी.’

पुण्याच्या त्या मॅडमनी मला कधी पाहिलं नव्हतं. माझा आवाज ऐकला नव्हता. मी घरभर नाचले. बाबा म्हणाले, “डाक्टर पास झाले काय?” मी म्हटलं, “नाही बाबा, मी झाले!”

मग मी सुकन्या मॅडमना फोन केला. “मॅडम, एक विनंती होती. यापुढे डॉ. भोईरांना माझ्या कुठल्याच कामावर नेमू नका.”

“भांडलीस का त्यांच्याशी?”

“नाही मॅडम.” मी डोळे मिटून घेतले. “आवडतात ते मला.”

पलीकडे मॅडम बराच वेळ हसत होत्या.

पुढच्या शुक्रवारी नारपोलीला गेले. देवेशच्या समोर एक आजोबा कान पुढे करून बसले होते. मला बघून ते अर्धवट उठले.

“निकाल?”

“पास. तिसरी केस सर्वांत चांगली.”

त्यांचा चेहरा असा फुलला, की मी पटकन पुढचं बोलून टाकलं. “पण यापुढे तुम्ही मला कधीच तपासायचं नाही. मॅडमना सांगून आलेय तसं.”

“कारण काय सांगितलंत?”

“खरं तेच.”

“म्हणजे—?”

“म्हणजे तेच.”

त्यांना कळायला जरा वेळ लागला. मग कान लाल झाले. “माझ्याआधी मॅडमना?”

“कामाचं आधी. आता तुम्हाला सांगतेय.”

“सांग ना.”

“आवडतोस मला. आता पेशंट बघ.”

त्यानं मान डोलावली. गडबडीनं दिवा कपाळावर ओढला आणि आजोबांच्या कानात बघू लागला. बराच वेळ बघितलं. मग पुन्हा पहिल्यापासून बघितलं.

“डॉक्टर,” आजोबा शांतपणे म्हणाले, “दुखतोय तो डावा हाय.”

मी दार ओढून घेतलं आणि बाहेर बाकावर जाऊन बसले.