मागून येणारा पुढे कसा?

"आणि आता समोर बघा, कृत्तिका उगवताहेत!"

रेडिओचा आवाज तारांगणाच्या घुमटात भरून राहिला. सगळ्यांनी माना उंचावून समोर बघितलं. समोर काहीच उगवत नव्हतं.

जरा वेळाने दिवे लागले आणि संचालकबाई खुर्चीतून उठल्या. "पुन्हा घाई केलीस," त्या म्हणाल्या. "तारे यायच्या आत तू त्यांना हाका मारतोस."

रेडिओ हातातल्या कागदाकडे बघत राहिला. मागच्या रांगेत बसलेल्या भिंगरीच्या पोटात मात्र थंडगार सरबत गेल्यासारखं झालं.

रेडिओ म्हणजे भिंगरीचा आतेभाऊ. सुट्टीला तिच्याकडे आला होता. त्याचा आवाज असा, की त्याने वाण्याची यादी वाचली तरी माणसं ऐकत उभी राहावीत. म्हणून त्याचं हे नाव पडलं होतं. भिंगरीचे बाबा तारांगणाचं यंत्र चालवायचे आणि रविवारी तिथे नवा खेळ सुरू व्हायचा होता: आकाशातल्या नावांचे अर्थ.

हे अर्थ कोणी शोधले होते? भिंगरीने! वर्षभर ती वाचनालयात जाडजूड कोश उघडून बसायची आणि जेवताना बाबांना ऐकवायची. धूमकेतू म्हणजे धुराचा झेंडा असलेला. शनीला शनैश्चर म्हणतात, कारण तो रमतगमत चालतो. ग्रीक लोकांनी ग्रहांना 'भटके' म्हटलं, कारण ते बाकीच्या ताऱ्यांसारखे एका जागी स्वस्थ बसत नाहीत. बाबांनी त्या सगळ्याचं निवेदन लिहून काढलं. आणि नेमका तेव्हाच रेडिओ बॅग घेऊन दारात उभा राहिला. बाईंनी त्याला एकदा "नमस्कार" म्हणताना ऐकलं आणि माइक त्याच्या हातात गेला. भिंगरीचा आवाज बारा महिने सर्दी झाल्यासारखा. तिला कोणी विचारलंसुद्धा नाही.

"शब्द माझे आणि मिरवणार हा," ती घरी जाताना धाकट्या भावाला म्हणाली. धाकट्याला सगळे शेपूट म्हणत, कारण ती जाईल तिथे तो मागे असायचाच.

"पण तो छान वाचतो," शेपूट म्हणाला.

"तू गप्प बस."

संध्याकाळी रेडिओ तिच्याजवळ येऊन बसला. सकाळी शेवटची तालीम होती. तीही बिघडली तर माइक भिंगरीला द्यायचा, असं बाईंनी सांगून ठेवलं होतं. आपण हळू वाचलं, थांबत थांबत वाचलं, तरी दर वेळी चुकतंच, कुठे चुकतं ते तू तरी सांग, असं तो काकुळतीला येऊन म्हणत होता. "तुला या ताऱ्यांमधलं सगळं कळतं," तो म्हणाला. "मला नुसतं वाचता येतं."

भिंगरीला खरोखरच ठाऊक नव्हतं. पण तसं सांगायचं सोडून ती म्हणाली, "मग नुसतं वाचायला तरी नीट शीक." आणि उठून गेली. आपण वाईट बोललो हे तिला कळलं. बरं वाटलं हेही तितकंच खरं.

सकाळी तिघं बाबांबरोबर तारांगणात पोचली. घुमटाला नुकताच रंग दिला होता, त्यामुळे पूर्व-पश्चिम लिहिलेल्या पाट्या अजून बाहेर भिंतीला टेकून पडल्या होत्या. आत गोल दालन, मधोमध यंत्र आणि भोवती गोलाकार खुर्च्या. यंत्राची मोटर याच आठवड्यात दुरुस्त झाली होती आणि ती दुरुस्त करणारे वायरमनकाका आपलं काम बघायला ऐटीत पुढच्या खुर्चीत बसले होते.

काळोख झाला. बाबांनी खूण केली आणि रेडिओ वाचू लागला. "कृत्तिका उगवताहेत. आणि त्यांच्या पाठोपाठ हा लाल तारा, रोहिणी. त्याचं दुसऱ्या भाषेतलं नाव अल्दबरान, म्हणजे मागून येणारा. कृत्तिकांच्या मागून येतो, म्हणून."

समोर पुन्हा सगळं रिकामं. बाई सुस्कारल्या. भिंगरीने आनंदाने मागे मान टाकली, तर तिच्या डोक्यामागच्या कडेवरून तारे वर येत होते. आधी मृगाचे ओळीतले तीन तारे आले. मग लाल रोहिणी. आणि सगळ्यांत शेवटी कृत्तिकांचा पुंजका.

भिंगरी ताठ बसली. मागून येणारा पुढे कसा? ज्याचं नावच मागून येणारा, तो कृत्तिकांना मागे टाकून आलाच कसा? एकच उत्तर होतं. मोटर उलटी फिरत होती. पूर्वेला उगवणारे तारे पूर्वेलाच खाली बुडत होते आणि पश्चिमेकडून वर येत होते. रेडिओ पहिल्या दिवसापासून बरोबर वाचत होता!

दिवे लागले. "आता तू वाच," बाई भिंगरीला म्हणाल्या.

भिंगरीच्या डोक्यात झकास बेत शिजला. आत्ता गप्प बसायचं, माइक घ्यायचा, आणि मग बाबांना हळूच मोटरचं सांगायचं. उद्या तारे वेळेवर येतील, सगळे म्हणतील मुलगी हुशार आहे. रेडिओला कधी कळणारही नाही.

ती माइकपाशी गेली. रेडिओने तो मुकाट्याने तिच्या हातात दिला.

"वाईट वाटून घेऊ नकोस," बाई त्याला म्हणाल्या.

"नाही बाई. माझंच चुकतंय," तो म्हणाला. शेजारी उभ्या भिंगरीलासुद्धा ते जेमतेम ऐकू आलं. ज्या आवाजावर ती इतके दिवस जळत होती, त्याचं हे काय झालं होतं? तिला तो आवाज स्वतःला हवा होता. असा मेलेला नको होता.

"त्याचं नाही चुकत," ती बोलून गेली. माइक चालूच होता, त्यामुळे तिचा घोगरा आवाज सगळ्या घुमटावर आदळला. "आकाश उलटं फिरतंय!"

वायरमनकाका उसळले. मोटर कशी लोण्यासारखी फिरते, हे त्यांनी हातवारे करून सांगितलं. बाबा म्हणाले, आपण इतकी वर्षं हे यंत्र चालवतोय, आकाश उलटं फिरलं तर दिसणार नाही का? पण खेळ चालू असताना बाबा बटणांवरून नजर काढत नाहीत, हे भिंगरीला ठाऊक होतं.

"बाबा, घुमटातली पूर्व आणि बाहेरची पूर्व एकच ना?"

"एकच."

"रेडिओ, ते दार उघड!"

रेडिओने धावत जाऊन दार ढकललं. सकाळचं कोवळं ऊन थेट आत घुसलं. भिंगरीने शेपटाला दाराला लागून आत उभं केलं आणि सांगितलं, "तू पूर्व. इथून हलायचं नाही. तारे उगवले तर तुझ्याच डोक्यावरून उगवायला पाहिजेत."

दार लावलं, दिवे मालवले, यंत्र सुरू झालं. या वेळी बाबाही वर बघत होते.

"आधी मृग येईल, मग रोहिणी, मग कृत्तिका," भिंगरी म्हणाली. "आणि सगळे पश्चिमेकडून."

"ताई, इकडे नुसते बुडताहेत!" पूर्वेकडून शेपूट ओरडला. तेवढ्यात त्याच्या बरोब्बर समोरच्या कडेवर मृगाचे तीन तारे वर आले.

मग काळोखात वायरमनकाकांचा आवाज आला, "दोन वायरींची अदलाबदल झाली वाटतं." ते निमूटपणे पेचकस घेऊन यंत्राखाली शिरले. बाबा कपाळाला हात लावून म्हणाले, "आणि मी आंधळ्यासारखा बटणं दाबत बसलो."

बाईंनी आधी रेडिओची माफी मागितली. मग भिंगरीच्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "आम्ही सगळे मुलाची चूक शोधत होतो. तू आकाशाची शोधलीस. बोल, वाचायचंय तुला?"

भिंगरीला वाचायचं तर होतंच. "त्यानेच वाचावं," ती म्हणाली. "पण हे अर्थ कोणी शोधले, ते शेवटी वाचायचं. मोठ्याने."

सगळे हसले. रेडिओ मात्र हसला नाही. "मी तेच सगळ्यांत चांगलं वाचीन," तो म्हणाला.

रविवारी दालन गच्च भरलं होतं. रेडिओने हाक मारली आणि कृत्तिका पूर्वेला हजर झाल्या, मागोमाग लाल रोहिणी. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या रेडिओलाच. भिंगरीला ते टोचलंच. मग शेवटी त्याने तिचं पूर्ण नाव आडनावासकट उच्चारलं, सावकाश, एकेक अक्षर जपून, आणि ते घुमटभर फिरून आलं. शेजारच्या अनोळखी बाईंनी वळून विचारलं, "तूच का ग ती?"

भिंगरीने मान हलवली. आपलं नाव इतकं सुंदर असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिला स्वतःला ते तसं म्हणता आलं नसतं, आणि त्याबद्दलही तिला रेडिओचा थोडासा हेवा वाटलाच.