कडू न लागणारा दुधी

सकाळी न्याहारीला कारल्यावरून भांडण झाले. परतलेल्या कारल्याची शेवटची फोड ओवीने उचलली आणि आप्पांनी हातातली भाकरी ताटात ठेवली.

"म्हाताऱ्याच्या वाटणीचं पळवतीस होय गं?"

"तुम्ही दोनदा घेतलंय, आप्पा. मी बघत होते की."

"वाढीच्या वयात आहे मी अजून."

"पोट वाढतंय, त्याला वय म्हणत नाहीत," ओवी म्हणाली आणि फोड तोंडात टाकून मोकळी झाली.

नऊ वर्षांची नात आणि पंचाहत्तरीचे आजोबा कारल्यासाठी भांडतात, याचे त्या घरात कुणालाही नवल वाटत नसे. कटुरोधकाची मोहीम सुरू होऊन आता सात वर्षे झाली होती. लोक त्याला 'जिभेची लस' म्हणत. वस्तुतः ती लस नव्हती. जिभेवर कडू चव ओळखणारे सुमारे पंचवीस प्रकारचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. एक निरुपद्रवी विषाणू ते ग्राहक बनवण्याची आज्ञा पेशींमध्येच थोपवून धरी. जिभेवर एक फवारा मारला, की निदान दहा वर्षे कडू नावाची चव उरत नसे. गोड, आंबट, खारट होते तसेच राहत. मुले औषधे थुंकेनाशी झाली, मेथी आणि शेवग्याचा पाला मागून खाऊ लागली, रक्तक्षयाचे प्रमाण खरोखरच उतरले. ओवीच्या आईने, कस्तुरीने, ते आकडे स्वतः तपासले होते आणि तिला त्यात खोट सापडली नव्हती. त्यानंतरच तिने घरातल्या सर्वांना डोस घ्यायला लावला होता.

राहिली होती फक्त ओवीची धाकटी बहीण तारिणी. तिला नुकतीच तीन वर्षे पूर्ण झाली होती, वजन कमी होते, आणि लोहाचे थेंब ती नेमाने भिंतीवर थुंकत असे. तिचा डोस उद्यावर ठरला होता. उपकेंद्राच्या परिचारिका शबानाताई मुजावर घरी येऊन तो देणार होत्या.

पुण्यातल्या बियाणे-तपासणी प्रयोगशाळेतली नोकरी सोडून कस्तुरी नवरा मकरंद आणि मुलींसह आजऱ्याजवळच्या सासऱ्यांच्या रानात राहायला आली, तेव्हा तिने एकच नियम केला होता: मीठ आणि चहा सोडून पानातले शक्यतो सगळे घरचे असावे. घनसाळ तांदूळ घरचा, नाचणी घरची, दही, लोणी, तेल आणि गूळही घरचा. बियाणे तर घरचेच. त्या सकाळी कुंपणावरच्या वेलाचा पहिला दुधी तिने विळीवर धरला. गेल्या वर्षी राखून ठेवलेल्या बियांचे हे पीक होते. फळ थोडे आखूड आणि बुडाशी फुगीर आले होते, आणि वेलाला इथली माती मानवली म्हणून मकरंदने त्याचे कौतुकही केले होते.

कस्तुरीने देठाकडचा भाग कापला, एक पातळ चकती तोंडात टाकली, चावली, मान हलवली आणि उरलेला दुधी चिरायला घेतला. दुधी, दोडका, काकडी चिरण्याआधी चव पाहायची, हे तिला कुणी शिकवल्याचे आठवत नव्हते. हात आपोआप करत असे.

मकरंदने निम्म्या दुधीचा रस काढून आप्पांना दिला. रक्तदाबासाठी तो त्यांचा रोजचा खुराक होता. आप्पा अर्धा पेला पिऊन उरलेला तुळशीपाशी ठेवून गोठ्याकडे गेले. उरलेल्या दुधीत हरभऱ्याची डाळ घालून कस्तुरीने चुलीवर भाजी केली आणि थोडी कुस्करून तारिणीच्या मऊ भातात कालवली.

तारिणीने पहिला घास घेतला आणि तोंड उघडून तो जसाच्या तसा बाहेर सोडला. मग ती रडू लागली.

"झालं सुरू," मकरंद म्हणाला. "तारू, बाबासाठी एक घास. हा चिऊचा."

"छी!"

"काल वरणालाही छी म्हणालीस. अगं, दुधी आहे हा, दुधी कुणाला लागतो छी?" त्याने दुसरा घास पुढे केला. तारिणीने ओठ घट्ट मिटले आणि मान इतकी वळवली की भात तिच्या कानाला लागला.

"उद्यापासून ही कटकट संपेल," कस्तुरी म्हणाली. "भरव थोडं. उपाशी नको राहायला."

तेवढ्यात ओवी शेळीपुढे नेलेली सालींची पाटी तशीच घेऊन परत आली.

"आई, चंद्री साली खात नाही."

"पोट भरलं असेल."

"चंद्रीचं? मघाशी तिने माझ्या फ्रॉकची नाडी खाल्ली. सालींचा वास घेतला, एक चावली आणि टाकून दिली. तोंडाला फेस आणून ब्या ब्या करतीय."

कस्तुरीचा हात भाकरीच्या पिठात थांबला. एका मुलीने घास थुंकणे हा हट्ट असू शकतो. एका शेळीने साल नाकारणे हा योगायोग असू शकतो. परंतु शेळीने मुलीला पाहिलेले नव्हते आणि मुलीने शेळीला. दोन निरीक्षणे परस्परांपासून स्वतंत्र होती, आणि दोन्ही त्याच एका फळाविषयी होती.

"मकरंद, थांब! भरवू नकोस."

त्याचा हात हवेतच राहिला. कस्तुरीने तारिणीचे तोंड उघडून बोटाने पुसून काढले, चूळ भरायला लावली, वाटी आणि कढई उचलून चुलीपासून दूर नेली.

"काय झालं?"

"दुधी कडू असेल."

"तू चव बघितलीस ना?"

"बघितली," ती म्हणाली, आणि ते वाक्य उच्चारताना तिला स्वतःचीच चूक लख्ख दिसली. तार तुटलेल्या मापकाकडे पाहून तिने 'शून्य' अशी नोंद केली होती. गेली सहा वर्षे ती अशीच नोंद करत आली होती.

"आप्पांनी रस घेतला?"

मकरंदने तुळशीकडे पाहिले. पेला अर्धा रिकामा होता.

गोठ्यामागे आप्पा भिंतीला धरून वाकले होते. पुन्हा पुन्हा उलटी होत होती, कपाळ घामाने थबथबले होते. तशातही त्यांनी हात वर केला. "ओरडू नका. पित्त झालंय. कारलं जास्त झालं."

"कारलं नाही, आप्पा. रस."

"रस तर चांगला लागला की मला."

मकरंदने त्यांना अक्षरशः उचलून गाडीत ठेवले. ओवीने तारिणीला कडेवर घेतले, कस्तुरीने उरलेला रस आणि दुधीचा तुकडा डब्यात भरला, आणि विजेवरची गाडी आजऱ्याच्या घाटाला लागली. वाटेत आप्पांना दोनदा उलटी झाली. दुसऱ्या वेळी त्यात रक्ताची लकेर होती. ओवी आजोबांची पाठ चोळत राहिली.

ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी डबा उघडला, रसाचा वास घेतला. "कडू दुधीच्या विषबाधेबद्दल शिकले होते. पाहिली नव्हती कधी. पूर्वी माणूस एक घोट घेऊनच थुंकायचा." मग त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "चव मलाही कळली नसती."

कुकुर्बिटासिन हे या वेलवर्गाचे संरक्षक रसायन. त्याला उतारा नाही. शिरेतून सलाईन, जठराच्या अस्तराला जपणारी औषधे, रक्तदाबावर नजर आणि वाट पाहणे, एवढेच हाती असते. आप्पांचा रक्तदाब बराच खाली गेला होता. मकरंद दाराबाहेर येरझाऱ्या घालत होता. कस्तुरी बाकावर बसून सगळे पुन्हा मांडत होती.

"कसं झालं पण?" मकरंदने विचारले. "गेल्या वर्षीचा दुधी तर सगळ्या गावाने खाल्ला. त्याच्याच बिया ना?"

"फळाचा गर आईवेलाचा असतो, बीमधला गर्भ दोन्ही वेलांचा. गेल्या वर्षीचं फळ खाऊन काहीच कळणार नव्हतं. परागकण कुठून आला ते यंदा कळतं."

"आणि कुठून आला?"

ती उत्तर द्यायला कचरली. गेल्या वर्षी आप्पांनी विहिरीजवळ कडू भोपळ्याचा वेल लावला होता. ओवीला पोहायला शिकवायचे होते, आणि कमरेला बांधायला प्लास्टिकचे काही आणायचे नाही, सुकवलेला भोपळाच बांधायचा, असे सर्वांनी मिळून ठरवले होते. कडू भोपळा आणि दुधी ही एकाच जातीची भावंडे. दोन्हींची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात आणि पतंग दोन्हींवर सारख्याच निष्ठेने फिरतात. कडूपणा वारशात वरचढ ठरतो. हे सारे तिला नोकरीत असताना पाठ होते. अंतर राखायला हवे होते. पण चूक झाली तरी पहिल्या चकतीलाच कळेल, या भरवशावर शेतकऱ्यांनी हजारो वर्षे बिया राखल्या होत्या, आणि तीही त्याच भरवशावर राहिली होती.

"म्हणजे आप्पांनीच," मकरंद म्हणाला.

"आपण सगळ्यांनी. त्यांना सांगायचं नाही, निदान आज तरी."

दुपार उतरली तेव्हा डॉक्टर बाहेर आल्या. चेहऱ्यावरूनच कळले. "रक्तदाब वर आलाय. रक्त थांबलंय. उलटी लगेच झाली हे फार बरं झालं. तो फवारा जिभेपुरताच असतो, पोटाला त्याची खबर नसते. एक रात्र ठेवू, उद्या न्या."

मकरंद मटकन बाकावर बसला आणि हसू लागला. हसता हसता त्याने डोळे पुसले. कस्तुरीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिला सकाळपासून प्रथमच भूक लागली होती. आत आप्पा ओवीला क्षीण आवाजात सांगत होते, "चंद्रीला माझ्या वाटणीची पेंड दे. डॉक्टरपेक्षा हुशार निघाली."

"ती नाडी खाते, आप्पा."

"हुशार माणसांना खोडी असतेच."

दुसऱ्या दिवशी घर पुन्हा घरासारखे झाले. कुंपणावरचा वेल मकरंदने मुळासकट उपटून जाळला होता. कस्तुरीने घनसाळचा मऊ भात शिजवला, वर लोणकढे तूप घातले, आणि आप्पांनी तो इतक्या भक्तिभावाने खाल्ला की तारिणीनेही त्यांच्याच ताटातून दोन घास घेतले. तिसऱ्या घासात मेथीचे पान होते. ते तिने आप्पांच्या मांडीवर थुंकले.

शबानाताई शीतपेटी घेऊन आल्या, तेव्हा सगळी हकिगत त्यांच्या कानावर आधीच गेली होती.

"घाबरलात ना? साहजिक आहे," त्या म्हणाल्या. "पण ताई, खरं सांगू? एका दुधीवरून ठरवू नका. या पोरीचं रक्त बघा किती कमी आहे. या फवाऱ्याने माझ्या हद्दीतली किती पोरं उभी राहिलीत, ते तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. तुमचे आकडे बरोबर आहेत."

"मग?"

कस्तुरीने तारिणीला जवळ ओढले. एका घटनेवरून नियम काढू नये, हे ती इतरांना शिकवत आली होती. बाजारातून तपासलेली भाजी आणणाऱ्या घरात हा फवारा निर्धोक होता. या घरात बिया राखल्या जात होत्या. या घराला निदान एक शाबूत जीभ हवी होती, आणि सध्या ती घरातल्या सर्वांत लहान, सर्वांत अशक्त माणसाच्या तोंडात होती. तीन वर्षांच्या मुलीला घरादाराची चव पाहणारी म्हणून राखायचे?

"ताई, मोठ्यांसाठी उलटा डोस आहे का? चव परत आणणारा?"

शबानाताई चकित झाल्या. "चाचणी चालू आहे पुण्यात. पण कडू परत मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"माझं नाव द्या. मकरंदचंही. आमच्यापैकी एकाची जीभ परत आली, की तारिणीचा विचार करू. तोवर लोहाचे थेंब गुळाच्या पाकात देते. थुंकली तर पुन्हा देईन."

"माझंबी नाव घाला," आप्पा म्हणाले. "ह्या वयात कारलं आवडतंय, हे काही खरं न्हाई."

सगळे हसले. ओवी मात्र हसली नाही. ती तारिणीच्या तोंडाकडे, त्या आक्रसलेल्या ओठांकडे निरखून पाहत होती.

"आई, कडू म्हणजे नेमकं कसं लागतं?"

"म्हणजे... जीभ आत ओढली जाते. थुंकावंसं वाटतं."

"तिखटासारखं?"

"नाही. तिखट भाजतं. कडू..." कस्तुरी शबानाताईंकडे वळली. "तो उलटा डोस मुलांसाठीही आहे का?"

"मोठ्यांना चव परत येते, असं दिसतंय," शबानाताई सावकाश म्हणाल्या. "त्यांना ती आधी कळलेली असते. तीन वर्षांच्या आत-बाहेर डोस झालेल्या मुलांवर अजून कुणी पाहिलेलं नाही."

"मी तीनचीच होते ना?" ओवीने विचारले. "मग मला जे आठवतच नाही, ते मला परत येईल?"