घरच्या मैदानावरची झोप

सकाळी ब्रोन्युसचा फोन आला तेव्हा झिविले परसात कांद्याची रोपं लावत होती.

"झिविलेबाई, ताबडतोब हॉलवर या. एक गोष्ट सिद्ध करून हवी आहे."

"शोधून हवी आहे की सिद्ध करून?"

"एकच ना ते!"

तिनं हात धुतले, पण घाई केली नाही. ब्रोन्युस हा 'गेर्वे' बास्केटबॉल क्लबचा अध्यक्ष. आधी तो फरशा विकायचा. क्लब हातात आल्यापासून तो फरशा विकणारा माणूस राहिला नव्हता. तो आता 'लिथुआनियन बास्केटबॉलचा सेवक' होता. निदान स्वतःची ओळख तो तशी करून द्यायचा.

झिविले पोलिसांत तपास अधिकारी होती आणि आता निवृत्त झाली होती. बास्केटबॉल म्हणजे उंच माणसांनी चेंडूसाठी केलेली धक्काबुक्की, असं ती चारचौघांत म्हणायची. मेल्डूपिस गावात याहून मोठं पाप नव्हतं. चर्चमध्ये न जाणाऱ्याला गावानं माफ केलं असतं, पण हिला करत नव्हतं.

काल संध्याकाळी काय झालं ते मात्र तिच्याही कानावर आलं होतं. मोसमातला शेवटचा सामना घरच्या हॉलमध्ये होता. जिंकलं तर पहिल्या लीगमध्ये राहायचं, हरलं तर खालच्या लीगमध्ये जायचं. पहिल्याच सत्रात संघाचा सगळ्यात मोठा खेळाडू, अमेरिकेहून आलेला डेमेट्रिक बोल्स, चेंडू हातात असताना थांबला, डुलला आणि रिंगखाली आडवा झाला. गेर्वे हरले. रुग्णवाहिका हॉलबाहेर पडत असताना गावातल्या सभ्य माणसांनी तिच्यावर बिअरचे ग्लास फेकले.

ब्रोन्युस विजयचिन्हांच्या खोलीत वाट बघत होता. खरं तर ते क्रीडा संचालक विगांतासचं कार्यालय होतं. भिंतीवर विगांतासचेच फोटो होते. एका फोटोत तो हवेत होता, दुसऱ्यात खांद्यांवर होता, तिसऱ्यात कुठल्याशा मंत्र्याशी हस्तांदोलन करत होता. कोपऱ्यात छोटा फ्रीज होता. ब्रोन्युसनं तो स्वतःच्या घरचा असल्यासारखा उघडला आणि बिअर काढली.

"दारू प्यायला होता तो," ब्रोन्युस म्हणाला. "तेवढं तुम्ही लिहून द्या."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरांना काय कळतंय!"

"काय म्हणाले?"

ब्रोन्युस बाटलीकडे बघत पुटपुटला, "रक्तात दारू नव्हती. झोपेचं औषध होतं. मग स्वतःच घेतलं असेल! असल्या माणसांचा काय भरवसा?"

"असल्या म्हणजे कसल्या?"

ब्रोन्युसनं बिअरचा मोठा घोट घेतला. झिविलेनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

खिडकीशी विगांतास उभा होता. साठीचा, अजूनही देखणा, पाठ हातानं धरलेली. "दुर्दैव आहे हो," तो म्हणाला. "पोरगा गुणी होता. पण आमच्या वेळची शिस्त आता कुठे राहिली? आम्ही ताप अंगात घेऊन खेळायचो."

"पाठ दुखते का तुमची?"

"त्या दिवसांचीच देणगी. बसमध्ये बसवत नाही. बाहेरगावचे सामने घरी टीव्हीवर बघतो. रात्री झोपही धड लागत नाही."

"पण कालचा सामना हॉलमध्ये बघितलात?"

"घरचे सामने चुकवत नाही मी. या वर्षी एकच चुकला. पाठीच्या उपचारांना बिर्श्तोनासला गेलो होतो तेव्हा."

झिविले इस्पितळात गेली. बोल्स खाटेवर मावत नव्हता. पाय खुर्चीवर टेकले होते. बोलणं इंग्रजीत झालं, कारण गावात कुणीही त्याच्याशी दुसऱ्या भाषेत बोलायचं नाही आणि इंग्रजीतही फारसं बोलायचं नाही.

"काल काय खाल्लंत?"

"सगळ्यांनी खाल्लं तेच, मॅडम. बटाटे, कोंबडी."

"आणि फक्त तुम्हीच खाल्लं किंवा प्यायलं असं काही?"

बोल्स लाजला. एवढा मोठा माणूस लाजलेला तिनं पहिल्यांदाच बघितला.

"गिरा. कॅप्टनची आई घरी करते. पाव आंबवून केलेलं पेय. पहिल्या सामन्याआधी तिनं मला पाजली आणि मी त्या दिवशी अफाट खेळलो. तेव्हापासून प्रत्येक सामन्याआधी एक बाटली. हसू नका."

"मी हसत नाही. चव कशी असते?"

"गोड, आंबूस. मधूनमधून कडसर लागते. त्यांनी केलेली म्हणून मी काही बोललो नाही."

तिचे प्रश्न संपल्यावर त्यानंही एक गोष्ट विचारली. "आपण खरंच हरलो का? बाकी पोरांचं काय?"

या प्रकरणात संघाची विचारपूस करणारा तो पहिलाच माणूस होता.

कर्णधार ऐमिस त्याच इस्पितळाच्या पायरीवर बसला होता. त्याला आत जायचा धीर होत नव्हता.

"ताई, आईनं काही नाही हो घातलं त्यात!" तो तिला बघताच उठला. "गाव आता तिच्याकडेच बोट दाखवेल."

"बाटली कुठाय?"

"माझ्या बॅगेत. आईला तिच्या बाटल्या परत लागतात. नाही नेली तर जीव घेते. अजून धुतली नाहीये."

"दे इकडे. सामन्याच्या दिवशी ही बाटली कुठे असते?"

"बाहेर सामना असला की बसमध्ये माझ्या पायाशी. मीच बोल्सच्या हातात देतो. घरी सामना असला की सकाळीच आणून विगांतासकाकांच्या फ्रीजमध्ये ठेवतो. संघाच्या फ्रीजमध्ये सगळा बर्फच भरलेला असतो."

"त्या खोलीला कुलूप?"

"काकांकडे एक किल्ली, अध्यक्षांकडे एक. मी सकाळी ठेवतो, खेळायच्या आधी मागून घेतो."

बाटली तिनं आपल्या जुन्या खात्यातल्या मैत्रिणीकडे प्रयोगशाळेत पाठवली. मग तिनं आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. घरी जाऊन संपूर्ण मोसमाची चित्रणं बघायला बसली.

ती शिक्षा होती. समालोचक किंचाळायचे. ब्रोन्युस प्रत्येक विजयानंतर कॅमेऱ्यासमोर यायचा आणि प्रत्येक पराभवानंतर गायब व्हायचा. 'गेर्वे' म्हणजे क्रौंच, म्हणून मध्यंतरात क्रौंच पक्ष्याचा पिसांचा पोशाख घातलेला एक माणूस नाचायचा, आणि प्रौढ, कमावती माणसं त्याला बघून टाळ्या वाजवायची. झिविलेनं आवाज बंद केला आणि फक्त बोल्सकडे बघत राहिली.

थंडीच्या मध्यापर्यंत तो सगळीकडे सारखाच खेळत होता, म्हणजे वाघासारखा. त्यानंतर मात्र बाहेर वाघ आणि घरी पेंगुळलेला बैल. घरच्या हॉलमध्ये तो उशिरा धावायचा, जांभया दाबायचा, सोपे चेंडू घालवायचा. गावाला वाटलं, तो माजलाय. एकाच घरच्या सामन्यात तो पुन्हा पूर्वीसारखा खेळला. तिनं त्या सामन्याच्या आदल्या दिवशीचं स्थानिक वर्तमानपत्र काढलं. त्यात बातमी होती, की क्रीडा संचालक उपचारांसाठी बिर्श्तोनासला गेले आहेत. इतक्या लहान गावात त्याचीही बातमी व्हायची.

थंडीच्या मध्याला काय बदललं, तेही त्याच वर्तमानपत्राच्या जुन्या अंकात सापडलं. तिनं ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. तिला राग आला नाही. शिसारी आली.

प्रयोगशाळेचं उत्तर आलं त्या दुपारी तिनं सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं. ब्रोन्युस, विगांतास, ऐमिस, आणि भिंतीला टेकून बोल्स. दाराशी गणवेशातला एक पोलीस उभा होता. त्याला बघून ब्रोन्युसनं बिअर टेबलाखाली ठेवली. झिविले इंग्रजीत बोलली. बोल्सला सगळं कळायला हवं होतं.

"औषध गिरात होतं," ती म्हणाली. "बाटलीच्या तळाशी सापडलं. ऐमिस किंवा त्याच्या आईनं घातलं असतं तर बोल्स बाहेरच्या सामन्यांतही पेंगला असता. गिरा तीच, हात तेच. पण तो फक्त इथे पेंगायचा. म्हणजे औषध या फ्रीजमध्ये पडत होतं. किल्ल्या दोघांकडे."

"माझ्याकडे बघू नका!" ब्रोन्युस ओरडला. "मी माझाच संघ बुडवीन होय?"

"अक्कल बघता बुडवलाही असतात. पण एका घरच्या सामन्यात बोल्स ठणठणीत होता. त्या दिवशी तुम्ही या खोलीतच होतात. चित्रणात दिसता, मैदानाकडच्या याच खिडकीतून हात हलवताना. विगांतास मात्र गावात नव्हते."



"झोप लागत नाही म्हणालात तुम्ही," ती विगांतासकडे वळली. "कुठल्या गोळ्या घेता?"

"हे... हे हास्यास्पद आहे. मी या क्लबसाठी रक्त आटवलंय!"

"एका मोसमात सर्वाधिक गुण. तरुणपणी केलेला तुमचा विक्रम. अजून कुणी मोडला नाही. थंडीत वर्तमानपत्रानं लिहिलं, हा परदेशी माणूस तो मोडणार. लगेच पुढच्या घरच्या सामन्यापासून त्याला झोप यायला लागली. तुमचा हिशोब साधा होता. बाहेर तो कितीही करू दे, घरी त्याला थोडं दाबत राहायचं. पण बाहेर तो इतका खेळला की शेवटच्या सामन्याला विक्रम अगदी हाताशी आला. म्हणून या वेळी तुम्ही गोळ्या वाढवल्या. बरोबर?"

विगांतास भिंतीवरच्या फोटोंकडे बघत राहिला. मग तो एकदम ओरडला.

"हरायला नको होतं! बाकीच्यांनी जिंकायला हवं होतं. एक सामना त्याच्याशिवाय जिंकता येत नाही? मी एकट्यानं जिंकून दिलेत!" तो खुर्चीत बसला. "लोक मला बेकरीत अजून त्याच आकड्यानं ओळखतात. तो आकडा गेल्यावर माझ्याकडे काय राहतं? हा दोन वर्षं खेळून निघून जाईल. याला काय करायचाय तो विक्रम?"

"तो हृदय बंद पडून मेला असता, काका," ऐमिस म्हणाला. "आणि तुम्ही माझ्या आईच्या बाटलीत घातलंत. माझ्या आईच्या."



ब्रोन्युसनं घसा साफ केला. "झिविलेबाई, घाण या खोलीतच राहिली तर बरं नाही का? क्लबचं नाव आहे. विगांतास राजीनामा देतील, तब्येतीचं कारण सांगू. बोल्सला एक छानसं मानचिन्ह..."

"तुम्ही फरशाच विकायला हव्या होत्या," झिविले म्हणाली आणि पोलिसाला खूण केली.

पोलीस पुढे आला. विगांतास उठला, कोट सारखा केला, जणू बाहेर छायाचित्रकार थांबले होते. दाराशी त्याला बोल्सच्या समोरून जावं लागलं. तिथे तो थांबला. शिवीची किंवा ठोशाची वाट बघत असावा. बोल्सच्या कपाळावर मात्र आठ्या पडल्या होत्या.

"मॅडम," त्यानं झिविलेला विचारलं, "मी विक्रम मोडणार होतो?"

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मला कुणी काही सांगितलंच नाही." त्यानं खांदे उडवले. "इथलं वर्तमानपत्र मला वाचता येत नाही."

विगांतासच्या चेहऱ्याचा रंग उतरला. पोलिसानं त्याचा दंड धरला, आणि पहिल्यांदाच त्यानं कुणाचा तरी आधार घेतला.